बाबांची दाढ आणि जपानी गोळी

माझे बाबा चिपळूणला दातांचे डॉक्टर होते. खाली दवाखाना आणि वर आमचं घर. त्यामुळे गोळी, चॉकलेट, टॉफी असलं काही आमचा जिना चढत नसे. पाहुण्यांनी आणलंच तर बाबा हसून घेत, आणि पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाई. तिथून पुढे त्याचं काय होई हे मला लहानपणी कधी कळलं नाही. माझ्या वाढदिवसाला केक असायचा, पण खाऊन झाला की बाबा सगळ्या मुलांना मोरीपाशी रांगेत उभं करून चुळा भरायला लावायचे, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक टूथब्रश द्यायचे. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीने मला अगदी प्रेमाने विचारलं होतं, की तुझ्या वाढदिवसाला यायलाच लागतं का.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की पुढे जे घडलं ते चिपळुणात कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही.

आम्ही चौदा वर्षं मस्कतमध्ये आहोत. अल् खुवैरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. नवरा एका प्लांटवर इंजिनिअर, मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. त्या वर्षी जुलैत आम्हा दोघांनाही रजा मिळेना. आई पुण्याला भावाकडे गेली होती, कारण वहिनी नुकतीच बाळंत झाली होती. बाबा घरी एकटे. मी त्यांना इकडे बोलावलं. एवढ्या उन्हात कोणी मस्कतला जातं का, असं त्यांना सगळ्यांनी सांगून बघितलं. बाबा म्हणाले, इकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, जरा वाळवून आणतो. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक बॅग घेऊन एकटे आले.

लेकीच्या शाळेला सुट्टी होती. ती तेव्हा दहा वर्षांची. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर घरात आजोबा आणि नात. पहिला आठवडा फार अवघड गेला. बाबा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर द्यायची. मराठी तिला कळतं, पण बोलायची वेळ आली की वाक्याच्या मध्यावर थांबते, जिन्यात दिवे गेल्यासारखी. संध्याकाळी मी घरी आले की दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलेली असायची, एखाद्या ऑफिसात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी. दिवस कसा गेला विचारलं तर बाबा म्हणायचे, छान. ती म्हणायची, फाइन.

त्याच सुमारास नवऱ्याच्या ऑफिसातला एक जपानी सहकारी सुट्टीवरून परत आला आणि त्याने नवऱ्याला एक भली मोठी पिशवी दिली. आत फळांच्या स्वादाच्या गोळ्या. तिकडे म्हणे त्या शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खातात. एकेक गोळी वेगळ्या कागदात गुंडाळलेली, चौकोनी, बोटाच्या पेराएवढी. च्युइंगमसारखी चावत राहायची, फक्त ही थुंकायची नाही, चावता चावता विरघळून पोटात जाते. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात दार लावून एकेक खाल्ली. नवऱ्याने डोळे मिटले. मग आम्हाला एकदमच बाबांची आठवण झाली.

नवरा बाबांना घाबरतो, त्याला कारण आहे. तो मला बघायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर बाबांनी त्याला खिडकीपाशी उजेडात बोलावलं होतं आणि आ करायला सांगितलं होतं. खालची एक दाढ भरून घ्यावी लागेल, बाकी मुलगा चांगला आहे, असं त्यांनी आईला आत येऊन सांगितलं. ती दाढ त्यांनी साखरपुड्याआधी स्वतः भरली. त्यामुळे ती पिशवी मी ओट्यावरच्या कपाटात, प्रेशर कुकरच्या रिकाम्या खोक्यामागे सारली. बाबा परत गेले की काढू, असं ठरलं.

दहा वर्षांच्या मुलीपासून कुकरच्या खोक्यामागे काही लपत नाही. चौथ्या दिवशी दुपारी बाबांनी तिला गाल फुगलेल्या अवस्थेत पकडलं. पुढचं मला दोघांकडून नंतर कळलं, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही. बाबांनी हात पुढे केला. तिने कागद त्यांच्या हातावर ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं की हे गम नाही, हे गिळता येतं. बाबा म्हणाले, गिळलं तरी आधी दातातूनच जातं ना, दाखव बघू एक. तिला वाटलं, आता सगळी पिशवी जाणार. तिने मुकाट्याने एक आणून दिली.

बाबांनी ती आधी बोटांनी दाबून बघितली. ताणून बघितली. खिडकीपाशी नेऊन निरखली. वरून पांढरी, आतून जांभळी. मग दाढेला नेमकी किती चिकटते ते तपासायला म्हणून तोंडात टाकली.

लेक सांगते, आजोबा दोन मिनिटं नुसते चावत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही कसली होती?" त्यांनी विचारलं.

"ग्रेप."

"द्राक्ष," बाबा म्हणाले. मग दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरी कुठली आहे?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की घरात काहीतरी बदललंय. सोफ्यावरचं अंतर कमी झालं होतं. मी आत आले की दोघं एकदम गप्प व्हायची. लेक दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायला लागली होती, न सांगता. बाबांनी शिस्त लावली, असं मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. टूथपेस्ट आठ दिवसांत संपली, तेव्हाही मला शंका आली नाही.

आणि एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आई, आमटी आज जरा तुरट आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आमच्या मुलीने आयुष्यात तुरट हा शब्द ऐकला असेल असं आम्हाला वाटत नव्हतं. बाबा खाली मान घालून भात कालवत होते. मी विचारलं, हा शब्द कुठून आला? ती म्हणाली, आजोबांनी दिला. दुसऱ्या दिवशी दही गुळचट लागलं. तिसऱ्या दिवशी पोळी चिवट होती, ते तर खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी सगळं उघडकीला आलं. सुट्टीचा दिवस, मी मशीन लावलं होतं. कपडे काढायला गेले तर नवऱ्याच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी नकाशा उमटलेला. बाबांच्या सदऱ्याचा खिसा आतून चिकटून बसला होता, आणि खिशातून निघाले जांभळे, हिरवे, गुलाबी कागद. मी मोजले नाहीत, पण ओंजळ भरली. ती ओंजळ घेऊन मी हॉलमध्ये गेले. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी सावकाश पेपरची घडी घातली. "नमुने," ते म्हणाले.

"कसले नमुने?"

"बाय, तपासल्याशिवाय मत देऊ नये माणसाने."

लेक तेवढ्यात तिच्या खोलीतून डोकावली आणि प्रामाणिकपणे म्हणाली की आता फक्त चारच उरल्यात.

मी तिथेच खाली बसले. हसू आवरेना. नवरा बाहेर आला, त्याने शर्ट बघितला, माझ्या हातातले कागद बघितले, सासऱ्यांकडे बघितलं, आणि तोही भिंतीला टेकून हसायला लागला. बाबा आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग खांदे. माझे वडील असे हसताना मी तोपर्यंत बघितले नव्हते; आवाज अजिबात नाही, नुसतं गदगद हलणं, आणि डोळ्यांतून पाणी.

मग सगळं सांगून झालं. दोघांनी नियम केले होते. गोळी खायची तर तिची चव मराठीत सांगायची, आणि एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालणार नाही. त्यामुळे लेकीला रोज नवे शब्द लागायचे आणि ती ते आजोबांकडून मागून घ्यायची. आजोबांनी डोळे मिटून स्वाद ओळखायचा. चुकलं तर पुढची गोळी तिची. प्रत्येक फेरीनंतर दोघांनी दात घासायचे, यावर मात्र आजोबा अडून बसले होते. बाबांना द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी लगेच ओळखता यायची. खरबुजाशी ते चार दिवस झगडले. काकडीसारखं काहीतरी आहे, पण चांगल्या घरात पडलेली काकडी, असं त्यांचं म्हणणं होतं.

उरलेल्या चार आम्ही चौघांनी त्याच वेळी खाल्ल्या. बाबांना आंब्याची आली. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस, जपानी आंब्याला नावं ठेवणार, असं मला वाटलं. ते बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, हापूस नाही, पण हापूसला बघून आलेला कोणीतरी आहे.

आता शोध सुरू झाला. बाबा आणि नात रोज संध्याकाळी ऊन उतरलं की अल् खुवैरच्या एकेका किराणा दुकानात जायला लागले. ऊन उतरलं म्हणजे चाळीसच्या खाली आलं, एवढंच. खालच्या दुकानातल्या केरळच्या माणसाला बाबा चिपळुणी हिंदीत समजावायचे, की अपने को वो पाहिजे, जपान का, चिवट, ताणलं तो लांबतं. त्या माणसाने एकदा रबर बँडचं पाकीट काढून दिलं, एकदा डिंक. तिसऱ्या दिवशी त्यांना येताना बघून त्याने लांबूनच हात हलवून खलास म्हटलं. बाबा आनंदाने घरी आले आणि मला म्हणाले, अरबी समजायला लागलं.

शेवटी गोळी सापडली ती कुरुमच्या एका मोठ्या सुपरमार्केटात. आम्ही चौघं गेलो होतो. परदेशी खाऊच्या रांगेत लेक पुढे पळाली आणि एकदम थांबली. पाच स्वाद, पाच ओळी, गुडघ्याच्या उंचीवर. बाबा त्या फळीसमोर चक्क उकिडवे बसले. गुडघे दुखतात म्हणून ज्यांनी दोन वर्षं देवळात मांडी घातली नव्हती, ते. एकेक पाकीट उचलून नातीच्या हातात देत होते आणि ती नाव वाचून दाखवत होती.

गोळ्यांचे पैसे देऊन झाल्यावर आम्हाला बाकीचं सामान घ्यायचं होतं, म्हणून बाबांना आणि लेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं. परत आलो तेव्हा बाकावर तिसरा माणूस होता. बाबांच्याच वयाचे एक ओमानी आजोबा, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, हातात काठी. तिघंही समोर बघत चावत होती. लेकीने मला तोंडावर बोट ठेवून थांबवलं. बऱ्याच वेळाने त्या आजोबांनी घोट गिळला, काठी एकदा जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "झेन."

"चांगलं आहे म्हणतायत," नवरा म्हणाला.

"ते कळलं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यापुढे दुसरी धरली, हिरव्या सफरचंदाची. ती खाताना त्या आजोबांनी एक डोळा असा काही मिटला की लेक बाकावरून खाली घसरली. निघताना त्यांनी बाबांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, अरबीत खूप काही सांगितलं. बाबांनी त्यांना मराठीत, जेवणानंतर दात घासत जा, एवढं सांगितलं.

ऑगस्टमध्ये आम्हाला चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा सलालाहला जायचं ठरलं. मस्कत भाजत असतं तेव्हा तिकडे धुकं आणि भुरभुर पाऊस असतो. गाडीने दहा-अकरा तास. पहाटे निघालो. निझवा मागे पडलं की रस्ता सरळ होतो तो सरळच राहतो. दोन्ही बाजूंना वाळूशिवाय काही नाही. बाबा मागच्या सीटवर नातीबरोबर, मांडीवर गोळ्यांची पिशवी. खेळ चालू होता. लेक एव्हाना वाक्यं बोलायला लागली होती, चुकीची, पण न थांबता. वाटेतल्या हैमा गावाच्या पेट्रोल पंपाच्या थोडं अलीकडे मागचा आवाज एकदम बंद झाला.

"गाडी बाजूला घे," बाबा म्हणाले. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा आवाज येत होता.

नवऱ्याने घाबरून ब्रेक लावला. बाबा खाली उतरले, पाठ फिरवून उभे राहिले आणि तोंडातून काहीतरी काढलं. मग तळहात आमच्यापुढे केला. हिरव्या गोळीचा चावलेला गोळा, आणि त्याच्या बरोबर मध्ये, मोदकात सारण असावं तशी, त्यांच्या दाढेची चकचकीत कॅप. ती त्यांच्या कॉलेजातल्या मित्राने पस्तीस वर्षांपूर्वी बसवली होती आणि ही तुझ्यानंतरही टिकेल असं सांगितलं होतं.

दुखतंय का, मी विचारलं. बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. ते कॅपकडे बघत होते.

"इतक्या वर्षांत मी किती लोकांना सांगितलं असेल," ते म्हणाले, "की चिकट खाऊ नका, एक दिवस कॅप हातात येईल." आणि मग ते हसायला लागले. वाळवंटाच्या मधोमध, गरम वाऱ्यात, एक हात गाडीच्या दाराला धरून. ट्रक हॉर्न देत जात होते. लेकीला आधी रडावं की काय कळेना, मग तीही सुरू झाली. नवऱ्याला हसताना उचकी लागली, ती सलालाह येईपर्यंत थांबली नाही.

सलालाहला पोचलो तर खरंच हवा बदलली होती. काच खाली केली की तोंडावर बारीक तुषार, रस्त्याकडेला शहाळ्यांच्या गाड्या. बाबांनी शहाळं प्यायलं, मलई मात्र उजव्या बाजूने खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याने सांगितलेल्या एका दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर तिथलीच, सलालाहची, तिशीच्या आतली मुलगी. फॉर्मवर व्यवसायाच्या पुढे बाबांनी निवृत्त एवढंच लिहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी नजर चुकवली.

डॉक्टरने त्यांना खुर्चीत बसवून इंग्रजीत विचारलं, अंकल, हे निघालं तेव्हा काय खात होता? बाबा म्हणाले, काहीतरी मऊ. लेकीने ताबडतोब खिशातून पाकीट काढून दाखवलं.

मग डॉक्टरने प्लॅस्टिकचा मोठा जबडा आणला आणि बाबांना समजावायला सुरुवात केली. हे बघा, ही दाढ. चिकट पदार्थ इथे, या फटीत बसतो. ब्रश असा धरायचा, असा गोल फिरवायचा, घाई करायची नाही. बाबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते, अधूनमधून मान डोलवत होते. तोच जबडा, तीच वाक्यं, त्याच क्रमाने; मी ती खालच्या दवाखान्यातून वर येताना इतकी वर्षं ऐकली होती की मला पाठ होती. नवरा फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेला. मी छताकडे बघत राहिले.

बाबांनी सगळं सहन केलं, पण डॉक्टर कॅप बसवायचं सिमेंट कालवायला लागली तेव्हा त्यांना राहवलं नाही. आ केलेल्या तोंडानेच त्यांनी मान जरा वर उचलली.

"किंचित घट्ट करा," ते इंग्रजीत म्हणाले.

तिचा हात थांबला. तुम्हाला काय माहीत, असं तिने विचारलं. मग बाबांनी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ होऊन सांगितलं, की आपण एकेचाळीस वर्षं हेच काम केलं. तिने आधी मास्क खाली केला. मग जबडा उचलून मागच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर, मग आधी का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं तेव्हा ती लाल झाली होती.

"लाज वाटली," बाबा म्हणाले.

मला वाटतं, ते इतक्या सरळपणे काही कबूल करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ती डॉक्टर हसली नाही. तिने सिमेंट आणखी घट्ट केलं, त्यांना दाखवलं, त्यांनी मानेने हो म्हटल्यावरच कॅप बसवली. चोवीस तास त्या बाजूने चिकट काही नको, असं तिने सांगितलं. बाबांनी विचारलं, चोवीस की बारा? ती म्हणाली, सर, तुम्ही रोग्यांना किती सांगायचात? बाबा उठता उठता म्हणाले, अठ्ठेचाळीस.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. बाबांचं म्हणणं होतं की तिला सांगायचं नाही. पण लेक आजीला बघून इतकी खूश झाली की तिने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि तीही मराठीत. पिशवी, नियम, मशीन, हैमा, कॅप. बाबा फोनच्या चौकटीतून हळूहळू बाहेर सरकत होते. आईच्या मांडीवर माझा भाचा झोपलेला, त्याला थोपटत ती ऐकत होती.

"अहो, इकडे या जरा, तोंड दाखवा," ती शेवटी म्हणाली.

बाबा चौकटीत आले.

"जुन्या पेशंटांच्या दातांचे साचे ठेवलेलं खोकं आठवतं का? माळ्यावरचं?"

बाबांना आठवत होतं.

"त्यात मी लिमलेटच्या गोळ्या ठेवते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पाहुण्यांची चॉकलेटंसुद्धा तिथेच जायची. तुम्ही ते खोकं कधी उघडणार नाही हे मला ठाऊक होतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप. म्हणजे दर वाढदिवसाला मी बाबांबरोबर टूथब्रश वाटत उभी असताना ही बाई माळ्यावर चॉकलेटं खात होती. मी तिला विचारलं, मला एकदाही का नाही दिलंस? आई शांतपणे म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही, तू खाली जाऊन सांगितलं असतंस. ते खरं होतं. बाबा मात्र वेगळ्याच धक्क्यात होते. त्यांनी बराच विचार करून विचारलं, म्हणजे तू इतकी वर्षं दात दाखवताना... आई म्हणाली, मी घासून यायचे. बाबा म्हणाले, तुझा एकही दात किडलेला नाही. आई म्हणाली, नाहीच. आणि दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले की मी फोन त्यांच्याकडे देऊन लेकीला घेऊन धुक्यात फिरायला गेले.

बाबा सप्टेंबरात परत गेले. डिसेंबरात दोघं मिळून आले. बाबांनी आल्या दिवसापासून आईच्या मागे लागून तिला कुरुमच्या त्या फळीसमोर नेलं, सगळे स्वाद घेतले, आणि संध्याकाळी आम्ही सगळे कुरुमच्या समुद्रावर चटई टाकून बसलो. थंडीत मस्कतचा समुद्रकिनारा म्हणजे सगळी कुटुंबं, कबाबांचा धूर आणि फुटबॉल. बाबांनी हिरव्या सफरचंदाची एक गोळी सोलून आईच्या हातावर ठेवली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

आईने चावली. आम्ही सगळे थांबलो.

"बरी आहे," ती म्हणाली. "पण याला काहीतरी हवंय."

तिने पर्समधून डबी काढली. कैरीसाठी ती नेहमी तिखटमीठ बरोबर ठेवते, कैरीचा मोसम असो नसो. दुसरी गोळी सोलून तिने डबीत चारी बाजूंनी बुडवली आणि तोंडात टाकली. मग डोळे मिटले.

बाबा म्हणाले, हा त्या जपानी माणसांवर अन्याय आहे, त्यांनी एवढ्या कष्टाने तोललेली चव. आईने तिसरी बुडवली. लेकीने हात पुढे केला. ती चावत असताना तिचे कान लाल झाले, नाकातून पाणी आलं, आणि ती वाळूत गोल गोल पळत सुटली. नवऱ्याने घेतली. मी घेतली. आधी तिखट, मग मीठ, मग दातांखाली ते आंबटगोड ताणत जाणारं, आणि पुन्हा तिखट. मला शब्द सापडेना. लेक धापा टाकत परत आली आणि आजीला म्हणाली, अजून.

बाबा पाच मिनिटं समुद्राकडे बघत बसले. मग त्यांनी आईकडे न बघता हात मागे केला, तळवा वर. आईने त्यावर एक ठेवली, भरपूर लावून.